हातावरचा विंचू : एक चुकलेली पाटी आणि तिची दुरुस्ती

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी भाचीनं मोबाइलवर एक चित्र पाठवलं. काळ्या शाईतला विंचू, नांग्या उघड्या, शेपूट वर वळलेली. खाली मजकूर : "मामा, वाढदिवसाला हा टॅटू मनगटावर काढून घेतेय. तू इतिहासवाला आहेस ना, याचा खरा अर्थ सांग. नेटवर दहा ठिकाणी दहा अर्थ आहेत."

दोन वर्षांपूर्वी तिनं हे विचारलं असतं तर मी एका शब्दात उत्तर दिलं असतं : संरक्षण. कारण तेव्हा आपल्या मंडळानं जुन्या घरगुती वस्तूंचं आणि फोटोंचं जे छोटं प्रदर्शन भरवलं होतं, त्यात माझ्या मावशीच्या हाताचा एक फोटो मी लावला होता. मनगटाच्या चार बोटं वर गोंदलेला हिरवट विंचू. खाली माझ्याच हातानं लिहिलेली पाटी होती, "विंचू : विषबाधेपासून संरक्षणाचे प्रतीक". पाटी बघून लोकांनी माना डोलावल्या. मीही खूश होतो.

ती पाटी चूक होती. कशी, ते मावशीनंच मला सांगितलं आणि ते या लेखात शेवटी येईल. पण त्या चुकीनंतर मी या विंचवाच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता वडोदऱ्यापासून इजिप्त आणि फिलिपिन्सपर्यंत जाऊन आलो. भाचीला एका मेसेजमध्ये उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

खूण आणि खुणांची यादी

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं. सव्वीस वर्षं रसायन कारखान्यांत पाइप, व्हॉल्व्ह आणि मीटर यांच्या ड्रॉइंगांत गेली. ड्रॉइंगवर एक गोल असतो, त्यात दोन अक्षरं असतात. तो गोल म्हणजे दाब मोजणारं यंत्र की तापमान मोजणारं, हे नुसत्या गोलाकडे बघून कळत नाही. अक्षरं वाचावी लागतात, तो कुठल्या लाइनवर आहे ते पाहावं लागतं, आणि कागदाच्या कोपऱ्यात खुणांची यादी असते ती उघडावी लागते. दुसऱ्या कंपनीची यादी लावून आपलं ड्रॉइंग वाचलं, तर वाचणारा कितीही हुशार असो, गोंधळ होणारच.

गोंदणाचं तसंच आहे. "विंचू म्हणजे अमुक, साप म्हणजे तमुक" अशा याद्या इंटरनेटवर भरपूर आहेत. त्या बहुतेक कुठल्याही एका समाजाच्या नसतात. इकडचं थोडं, तिकडचं थोडं. मी पाटी लिहिली तेव्हा नेमकं हेच केलं होतं, फक्त माझी यादी पुस्तकातली होती इतकंच.

आपल्या आसपासचा विंचू

आधी घराजवळून सुरुवात करू. वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला दोन प्रकारचं गोंदण लहानपणापासून दिसतं. एक आपल्या आज्या-मावश्यांच्या कपाळावरचं नि हातावरचं, आणि दुसरं सौराष्ट्र-कच्छकडून आलेल्या मेर, रबारी वगैरे समाजांतल्या बायकांचं. गुजरातीत त्याला छूंदणां म्हणतात, त्राजवां असाही शब्द आहे. आपल्या गोंदणापेक्षा ते फार भरगच्च असतं. हात, पाय, मान, सगळीकडे ठिपक्यांची नक्षी.

पोरबंदरकडच्या मेर समाजातल्या गोंदणाचा अभ्यास झालेला आहे. तिथे मुलगी सात-आठ वर्षांची झाली की आधी हात-पाय आणि मग मान, छाती गोंदत. लग्नाआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर सासरी टोमणे बसत की माहेरच्यांनी लेकीवर एवढाही खर्च केला नाही. त्यांच्या नक्षीत देव आहेत, पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका आहेत, आईबापांची कावड वाहणारा श्रावण आहे. प्राण्यांमध्ये सिंह, वाघ, घोडा, उंट, मोर यांच्या रांगेत विंचू येतो, मधमाशी येते आणि साधी माशीसुद्धा येते.

हे वाचताना मी थांबलो. विंचवापासून संरक्षण समजू शकतो. पण माशीपासून? आणि मोरापासून कुणाला संरक्षण हवंय? म्हणजे या यादीत निदान काही प्राणी तरी निव्वळ शोभेसाठी आहेत, अंगावरच्या दागिन्यासारखे. मग विंचूच तेवढा वेगळा काढून त्याला "संरक्षण" हे लेबल लावायचा अधिकार मला कुणी दिला?

दक्षिणेतही विंचू आहे. मद्रास म्युझियमचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी १९०९ मध्ये दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. त्यांत कोरवा समाजातल्या गोंदणाऱ्या बायकांची माहिती आहे. त्या गावोगाव फिरत आणि लोकांना हवी ती चित्रं टोचत : पक्षी, मासे, फुलं, विंचू. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. गोंदून घेणारी एका जातीची, गोंदणारी दुसऱ्या. चित्राचा अर्थ दोघींच्या मनात एकच असेल असं धरून चालता येत नाही.

आपल्याकडेही गोंदणाऱ्या बायका फिरत्याच. काही जणी सुया-बिब्बे विकत येत आणि गोंदूनही देत. तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी कालवायची, आधी काडीनं नक्षी काढायची आणि मग टोचत जायचं. काजळी काळी असते, पण मुरल्यावर गोंदण हिरवट-निळं दिसतं. याचं कारण सोपं आहे. रंग कातडीच्या वरच्या थरात राहत नाही, खालच्या थरात बसतो. वरची कातडी प्रकाश विखुरते, त्यामुळे खालचा काळा आपल्या डोळ्याला निळसर भासतो. म्हणून मराठीत "हिरवं गोंदण" म्हणतात, हिरवा रंग कुणी भरलेला नसताना.

अंगणातला खरा विंचू

संरक्षणाची कल्पना अगदीच हवेतली होती असं मात्र नाही. ती कुठून येते हे समजायला आधी खरा विंचू बघावा लागतो.

कोकणातला तांबडा विंचू आकारानं लहान, पण भारतातल्या सगळ्यात घातक विंचवांपैकी एक. दगडांखाली, लाकडाच्या ढिगात, गोवऱ्यांच्या उडवीत तो बसलेला असतो. अनवाणी पाय आणि हात घालून काम करणारी माणसं, म्हणजे बायका, पोरं आणि शेतमजूर, हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्याच्या विषानं नुसती आग होऊन थांबत नाही. घाम सुटतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथे त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचं काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून दाखवलं. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं असं सांगितलं जातं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे मावशीच्या लहानपणी, १९४०-५० च्या काळात, कोकणातल्या घरी विंचू चावला की मंत्र घालणारा, झाडपाला आणि नशीब यांपलीकडे काही नव्हतं. अशा ठिकाणी माणसं विंचवाशी तह करायला बघतात. कर्नाटकात कोलारला कोलारम्मेच्या देवळात चेळम्मा नावाची विंचवांची देवी आहे. तिची पूजा केली की विंचू चावत नाही ही तिथली श्रद्धा. ज्याची भीती त्याचीच मूर्ती करायची, किंवा त्यालाच अंगावर बसवून घ्यायचं, हा विचार एकाच घरातला आहे. नाग-विंचू गोंदला की ते जनावर आपल्याला आपलं मानतं, किंवा विष चढत नाही, असं सांगणाऱ्या बायका खरोखर होत्या. मी पाटीवर लिहिलं ते खोटं नव्हतं. ते मावशीचं नव्हतं, एवढंच.

काम, भूक आणि बिऱ्हाड

पण भारतातच विंचवाचे दुसरे अर्थही आहेत आणि ते संरक्षणाच्या जवळपासही जात नाहीत.

खजुराहोच्या देवळांवर, साधारण इ.स. ९५० ते १०५० च्या दरम्यानच्या शिल्पांत, एक सुंदरी आहे. तिच्या मांडीवर विंचू चढलेला आहे आणि वस्त्र सुटलेलं आहे. तो विंचू कुणाचं रक्षण करत नाही, तो कामवासनेचा दंश आहे असंच अभ्यासक मानतात. मध्य भारतातल्या चामुंडेच्या मूर्ती पाहिल्या तर तिथे विंचू वेगळ्या जागी आहे. देवीचं पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या दिसतायत, आणि त्या पोटावर विंचू. तिथे तो भूक, रोग आणि मरण यांच्या बाजूचा. आणि सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी आपल्या प्रसिद्ध भारुडात विंचू घेतला, तेव्हा त्यांनी त्याला कामक्रोध केलं. आजही भारूड रंगात आलं की लोक पोट धरून हसतात, आणि चिमटा कळतो तो नंतर.

म्हणजे विंचू तोच. मांडीवर एक अर्थ, पोटावर दुसरा, कीर्तनाच्या फडावर तिसरा. ड्रॉइंगमध्ये मीटर कुठल्या लाइनवर बसवलाय याला जे महत्त्व, तेच इथे जागेला आहे.

आणखी एक विंचू आपल्या बोलण्यात आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विंचवाची मादी पिल्लांना जन्म दिल्यावर खरोखरच त्यांना पाठीवर घेऊन हिंडते, पहिली कात टाकेपर्यंत. आपण ही म्हण ठावठिकाणा नसलेल्या माणसाबद्दल वापरतो. गायकवाडांच्या मागोमाग इथे आलेल्या आणि पुढे नोकरीनिमित्त इथून तिथे फिरलेल्या मराठी घरांना ती चांगलीच लागू पडते. पण गोंदणातल्या विंचवाला हा अर्थ कुणी दिल्याचं मला आढळलं नाही, म्हणून मी तो चिकटवत नाही. मोह झाला होता, हे कबूल करतो. लेखात छान बसला असता.

इजिप्तचं हजेरीपत्रक

आता परदेशात जाऊ. सयाजीबागेतल्या आपल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, शाळेच्या सहलीत ती न पाहिलेला वडोदरेकर विरळा. त्यामुळे इजिप्त आपल्याला फार परकं वाटू नये.

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर देर एल-मदिना नावाचं गाव होतं. राजांच्या दऱ्यातली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे राहत. त्या गावातलं एक हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, चुनखडीच्या मोठ्या तुकड्यावर लिहिलेलं. दुसऱ्या रामसेसचं चाळिसावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. १२५० च्या सुमारासचं. चाळीस कामगार, आणि कोण कधी का आला नाही याची कारणं. कुणाचे डोळे आलेत, कुणी घरी बिअर बनवतोय, आणि एकाला विंचू चावलाय. माझ्यासारख्या कारखान्यातून आलेल्या माणसाला हे वाचून हसूही येतं आणि त्या मुकादमाबद्दल आपुलकीही वाटते.

इजिप्तमध्ये सेर्केत नावाची देवी होती, डोक्यावर विंचू असलेली. तूतनखामनच्या थडग्यात त्याची आतडी-काळीज ठेवलेल्या पेटाऱ्याच्या चार बाजूंना चार देवी हात पसरून उभ्या आहेत, त्यांतली एक ती. याच कारागिरांच्या गावात विंचूदंशावर उपचार करणारा माणूस नेमलेला असे आणि त्याचा हुद्दा सेर्केतच्या नावानंच ओळखला जाई.

अशा गावातल्या एका स्त्रीच्या ममीवर ॲन ऑस्टिन या संशोधिकेला २०१४ मध्ये गोंदण आढळलं. तीसहून जास्त चिन्हं. मान, खांदे, पाठ, हात. त्यांत गायी आहेत, वानर आहेत, रक्षण करणारे डोळे आहेत आणि नागही आहेत. गाय हे हाथोर देवीचं चिन्ह, म्हणून ही बाई तिच्या पूजेशी जोडलेली असावी, कदाचित गावातली उपचार जाणणारी स्त्री असावी, असा अंदाज आहे. इथे नाग हा गोंदवून घेणारीला स्वतःला वाचवणारा असेलच असं नाही. तो तिचा अधिकार सांगणारा असू शकतो. डॉक्टरच्या कोटावरचं चिन्ह डॉक्टरला आजारापासून वाचवत नाही, तो कोण आहे ते सांगतं. तसं.

इजिप्तचीच अजून एक गोष्ट नोंदवतो. ब्रिटिश म्युझियममध्ये गेबेलीन इथला सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा एक पुरुष आहे. त्याच्या दंडावरचा काळपट डाग सगळे शंभरएक वर्षं नुसता डाग समजत होते. अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्यानं पाहिल्यावर तिथे रानबैल आणि रानमेंढा निघाले. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाच्या कातडीवरची आजवर माहीत असलेली प्राण्यांची सगळ्यात जुनी चित्रं ती हीच. घरातल्या म्हातारीच्या हातावरच्या डागाकडे परत एकदा नीट बघा असं मी लोकांना सांगतो, ते यामुळे.

गोम आणि योद्धा

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर उत्तरेच्या डोंगरांत कलिंगा नावाचे लोक राहतात. (आपल्या अशोकाच्या कलिंगाशी संबंध नाही, नाव सारखं आहे इतकंच.) त्यांच्या गोंदणाला बाटोक म्हणतात. लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा बांबूच्या काडीत बसवायचा, काजळीत बुडवायचा, आणि दुसऱ्या काठीनं त्यावर टकटक ठोके देत तो कातडीत घालायचा.

त्यांच्या नक्षीत विषारी जीवांना मानाची जागा आहे, आणि त्यांत गोम महत्त्वाची. गायामान म्हणतात तिला. पूर्वी शत्रूचं मुंडकं आणणाऱ्या योद्ध्याला गोंदणाचा हक्क मिळे. गोम ही त्याची पाठीराखी, लढाईत सांभाळणारी. म्हणजे इथे संरक्षण आहे, पण ते गोमेपासून नाही. गोम माणसाच्या बाजूनं उभी आहे. "डसणारा प्राणी गोंदला म्हणजे त्याच्या डंखापासून संरक्षण" हे माझं सूत्र इथे उलटं होतं. शिवाय हक्क मिळवावा लागे, पैसे देऊन विकत मिळत नसे. बायकांचं गोंदण वेगळं, ते रूप आणि प्रतिष्ठेचं.

बुस्कालन गावातल्या वांग-ओद या आजी ही कला आजही करतात. त्यांचा जन्म १९१७ चा सांगितला जातो. एप्रिल २०२३ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, त्या व्होग मासिकाच्या फिलिपिन्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर झळकल्या. आता योद्धे उरले नाहीत, प्रवासी येतात. त्यांना गोम गोंदून मिळते. नक्षी जुनी, काटा जुना, पण बंगलोर किंवा बर्लिनहून गेलेल्या माणसाच्या दंडावर ती गोम "मी इथे येऊन गेलो" असं सांगते. यात वाईट काही नाही. फक्त तो नवा अर्थ आहे, हे ओळखून नोंद करायची.

प्राणी हेच आडनाव

चौथा प्रकार कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा लोकांचा. त्यांच्याकडे अस्वल, लांडगा, गरुड, देवमासा हे प्राणी घराण्यांच्या मालकीचे. ज्याचं घराणं अस्वलाचं त्यानंच छातीवर किंवा हातावर अस्वल गोंदायचं. दुसऱ्यानं ते चिन्ह घेणं म्हणजे चोरी. हे गोंदण मोठ्या दानसमारंभात, सगळ्यांदेखत होई. कॅनडा सरकारनं १८८५ पासून १९५१ पर्यंत त्या समारंभांवर कायद्यानं बंदी घातली, आणि गोंदणाचा मोठा आधारच गेला.

मराठी वाचकाला हे समजायला फार ताण पडू नये. आपल्याकडे देवक असतं. लग्नात देवक बसवतात, आणि ज्या झाडाचं किंवा प्राण्याचं देवक, त्याला ते घराणं इजा करत नाही. आपण ते कातडीवर टोचत नाही, हैदा टोचत. पण कल्पना शेजारची आहे. इथे अस्वल "शूरपणाचं प्रतीक" वगैरे नाही. ते आडनाव आहे.

राशीचा विंचू

आता भाचीचा विंचू. तिचा जन्म ५ नोव्हेंबरचा. इंग्रजी मासिकांतल्या राशिभविष्याप्रमाणे साधारण २३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर जन्मलेली माणसं वृश्चिक, म्हणून तिला विंचू हवा.

हा विंचू फार जुना आहे. बाबिलोनी लोक आकाशातल्या त्या तारकासमूहाला विंचूच म्हणत. त्यांच्या जमीन-दानाच्या दगडांवर, जसे आपल्याकडे शिलाहार-यादवांचे गधेगाळ, देवांची चिन्हं कोरलेली असत आणि त्यांत इश्खारा देवीचा विंचू येतो. करार मोडणाऱ्याला शाप मिळावा म्हणून. तिथून हा विंचू ग्रीकांकडे गेला, आणि बारा राशींचं चक्र ग्रीकांमार्फत आपल्याकडे आलं. जून-जुलैमध्ये आभाळ मोकळं मिळालं तर रात्री दक्षिणेकडे बघा. लालसर ज्येष्ठा म्हणजे विंचवाचं काळीज, आणि मूळ नक्षत्र त्याच्या नांगीत.

गंमत पुढे आहे. पाश्चात्त्य रास सूर्यावरून आणि संपात बिंदूपासून मोजतात, आपलं पंचांग ताऱ्यांपासून. या दोहोंत आज साधारण २४ अंशांचा फरक पडलाय. म्हणून आपल्या पंचांगात सूर्य वृश्चिकेत जातो तो १६ नोव्हेंबरच्या सुमारास. ५ तारखेला तो तुळेत असतो. त्यातून आपण रास सांगतो ती चंद्रावरून. भाचीची पत्रिका माझ्या बहिणीनं काढलेली आहे, तिची रास मीन.

मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, म्हणजे मी मासा काढू का?"

मावशीचा विंचू

प्रदर्शन संपल्यावर पाट्या आणि फोटो घरी आणले, तेव्हा मावशी आमच्याकडे आली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, चष्मा लावून सगळं वाचते. माहेर पोलादपूरकडचं, सतराव्या वर्षी लग्न होऊन वडोदऱ्यात आली. आपला फोटो तिनं बघितला, पाटी वाचली आणि म्हणाली, "संरक्षण? अरे, मला विंचू चावला तेव्हा हा हातावर होताच की. ह्याच हाताला चावला, गोवऱ्या काढताना. रात्रभर रडत होते."

मी विचारलं, "मग गोंदलास कशाला?"

"कशाला म्हणजे काय? शेजारची माझी मैत्रीण होती. गोंदणारीण आली, तिनं विचारलं काय काढू. मला तुळस पाहिजे होती. ही म्हणाली, तुळस सगळ्याच काढतात, आपण विंचू काढू. मग दोघींनी काढला. पसाभर तांदूळ दिले. घरी येऊन आईचा मार खाल्ला तो वेगळा."

पुढचं तिनं थोडं थांबून सांगितलं. लग्नानंतर दोघींची गाठ पडली नाही. तीसेक वर्षांनी मुंबईत कुणाच्या तरी लग्नात एक जाडशी बाई समोर येऊन उभी राहिली. ओळख पटेना. त्या बाईनं नाव सांगितलं नाही, पदर सारून हात पुढे केला.

मावशीच्या सासरी हे गोंदण फारसं कुणाला आवडलं नव्हतं. कार्यक्रमाला जाताना तिला लांब बाह्यांचं पोलकं घालायला सांगत. मी लहानपणापासून तो विंचू बघत आलो, पण तिला कधी विचारलं नाही. पाटी लिहितानाही विचारलं नाही. पुस्तकं चार उघडली, आणि ज्या बाईचा हात, ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती.

यावरून संरक्षणाचा अर्थ खोटा ठरतो का? नाही. एका मीटरच्या एका रीडिंगवरून सगळ्या प्लांटबद्दल बोलायचं नसतं. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या बाईनं विंचू भीतीपोटी गोंदला असेल, तिसरीनं निव्वळ छान दिसतो म्हणून. आणि गोंदणारणीच्या मनात काय होतं, तिच्या समाजात विंचवाचा काय अर्थ होता, हे तर आपण कुणीच विचारलं नाही. तिचं नावही मावशीला आठवत नाही. या सगळ्या गोष्टीतला तो दुवा कायमचा गेला.

पाटी मी बदलली आहे. आता तिथे लिहिलंय : "विंचू. पोलादपूर परिसर, साधारण १९५०. गोंदवून घेणारीचं वय दहा. मैत्रिणीबरोबर, तिच्या आग्रहानं." अर्थाच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

भाचीनं मासा काढला नाही. विंचूच काढला, ठरवलेलाच. त्या दिवशी तिच्याबरोबर हॉस्टेलमधली तिची खोलीतली मैत्रीणही गेली होती, तिनंही मनगटावर विंचू काढून घेतला. तिची रास कुठली ते मी विचारलं नाही. भाचीचा फोटो मात्र मावशीच्या फोटोशेजारी फाइलला लावला आहे.

वाचकांना विनंती

गोंदण हा असा दस्तऐवज आहे की ज्याची झेरॉक्स नसते. "मेल्यावर बरोबर येतं ते फक्त गोंदण" असं जुन्या बायका म्हणत, आणि इतिहासाच्या दृष्टीनं ते अक्षरशः खरं आहे. ज्यांच्या अंगावर जुनं टोचलेलं गोंदण आहे त्या आपल्या घरांतल्या बायका आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. तेव्हा दिवाळीला, लग्नकार्याला त्यांची भेट झाली तर पुढच्या गोष्टी विचारून ठेवा.

कुठल्या गावात गोंदलं आणि तेव्हा वय काय होतं. कुणी गोंदलं, ती बाई कुठून येई, तिला काय दिलं. अंगावर नेमकं कुठे, आणि ती जागा कुणी ठरवली. बरोबर आणखी कुणी गोंदून घेतलं का. नक्षीला त्या काय नाव देतात, त्यांच्या शब्दांत. आणि लग्नानंतर त्या गोंदणाबद्दल कोण काय बोललं.

फोटो काढताना परवानगी घ्या, दिवसाच्या उजेडात काढा आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. "याचा अर्थ काय" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारलात तर तुम्हाला खूश करण्यासाठी काहीतरी उत्तर मिळतं, आणि आपण ते पाटीवर लिहून मोकळे होतो. मी झालो होतो.